नवी काठी जुनी करताना

ड्वेन ओल्स्टाड खोटं बोलला तो शुक्रवारी संध्याकाळी, साडेसहाच्या सुमाराला, तळलेल्या माशाची दुसरी बशी समोर आलेली असताना. एवढी नेमकी वेळ सांगायचं कारण म्हणजे पुढचे बावीस दिवस तो बिचारा त्याच क्षणापासून मोजत होता.

उत्तर विस्कॉन्सिनमध्ये शुक्रवारी संध्याकाळी माणसं तळलेला मासा खायला बाहेर पडतात, त्यात नवल काही नाही. नवल होतं ते टेबलाभोवतीच्या मंडळींचं. एका बाजूला ड्वेन, त्याची बायको मार्लिस आणि एकुलती एक मुलगी ब्रिटा. समोर ब्रिटाचा होणारा नवरा सोरेन आणि सोरेनचे वडील गॉर्डी ब्रेकेन. म्हणजे ड्वेनचे होणारे व्याही. आणि हे व्याही साधेसुधे नव्हते. गेली तीस वर्षं बिटर्न नदीवर स्वतःच्या नावेतून लोकांना मासेमारीला नेणारा हा माणूस. शिकागोचे डॉक्टर आणि वकील त्याच्या तारखांसाठी हिवाळ्यापासून फोन करायचे.

आता इथली एक गोष्ट समजून घ्यायला हवी. या मुलखात मासे धरणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. एक पंथ गळाला गांडूळ लावतो, लाल-पांढरा गोळा पाण्यावर तरंगत ठेवतो आणि बादली उपडी घालून तिच्यावर बसतो. दुसरा पंथ पिसं आणि हरणाचे केस दोऱ्यानं गळावर बांधून खोटी माशी तयार करतो आणि लांब, लवचिक काठीनं ती फेकतो. त्याला फ्लाय फिशिंग म्हणायचं. हे दुसरे लोक पहिल्यांना कधी वाईट बोलत नाहीत. फक्त बघतात. त्या बघण्यानं गांडूळवाल्याला आपल्या हाताला वास येतोय असं वाटायला लागतं.

गॉर्डीनं नुकताच एक किस्सा सांगितला होता. कुणी एक दंतवैद्य त्याच्या नावेत गांडुळांचा डबा घेऊन आला. गॉर्डीनं नाव काठाला लावली, त्याला डब्यासकट उतरवलं आणि पुलाचा रस्ता दाखवला. सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं हसला ड्वेन. आणि नेमकं तेव्हाच गॉर्डीनं विचारलं, "तुम्ही करता का मासेमारी, ड्वेन?"

"करतो की."

"कशानं?"

ड्वेननं आयुष्यात मासे धरले होते ते वडिलांबरोबर, धरणाच्या भिंतीखाली, उपड्या बादलीवर बसून, गांडुळानं. वडील अकरा वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून तेही बंद. पण एवढं हसून झाल्यावर आता कोणत्या तोंडानं गांडूळ म्हणायचं?

"फ्लायनं," तो म्हणाला.

मार्लिसचा काटा बशीवर टेकला.

"अरे वा! ट्राउट?"

"नाही, नाही. स्मॉलमाउथ बास." स्मॉलमाउथ जास्त चिवट असतो असं त्यानं कुठंतरी ऐकलं होतं, आणि खोटंच बोलायचं तर मग जरा चिवट बोलावं.

इथवर सगळं निस्तरता आलं असतं. घसा खाकरायचा, "गंमत केली हो" म्हणायचं, आणि कोबीची कोशिंबीर पुढे सरकवायची. पण गॉर्डी आनंदानं ब्रिटाकडे वळला. "काय गं, बोलली नाहीस कधी!"

ब्रिटा नऊ वर्षांची असताना वाचनालयातली पेन्सिल चुकून दप्तरात आली, म्हणून बर्फात परत करायला गेलेली मुलगी. तिनं एक क्षण बापाकडे पाहिलं. मग ती गॉर्डीला म्हणाली, "बाबा कुणाला सांगत नाहीत फारसं. पण वर्षानुवर्षं करतात."

"मग ठरलं! जूनचा दुसरा शनिवार. माझी नाव. आपापली हत्यारं घेऊन या."

घरी जाताना गाडीत मार्लिसनं पर्स मांडीवर घेतली. मग म्हणाली, "मुलीला खोटं बोलायला लावलंस."

"मी कुठं लावलं? ती आपणहून बोलली."

"तेच म्हणतेय मी."

ड्वेन काउंटीच्या कचेरीत सव्वीस वर्षं खिडकीपाशी बसत होता. लग्नाचे परवाने, कुत्र्यांचे बिल्ले, मासेमारीचे परवाने, सगळं त्याच्या हातून जायचं. हिरव्या शाईत सही केली म्हणून त्यानं एका शेतकऱ्याला अठरा मैल परत पाठवलं होतं. खरेपणा हीच त्याची मिळकत होती. आता सासरी जाण्याआधीच मुलगी सासऱ्यासमोर खोटी ठरणार, आणि तीही बापापायी. तेव्हा त्यानं निश्चय केला: बावीस दिवसांत तिचं बोलणं खरं करून दाखवायचं. खरं सांगून टाकणं हाही एक मार्ग होता, पण तो त्याला दिसला नाही. दिसला असेल तर त्यानं तिकडे पाठ केली.

हत्यारं निवडायची तर कुणाला तरी विचारायला हवं, आणि विचारलं की बोभाटा. शेजारी स्टॅन वोयता, कागदाच्या गिरणीतून निवृत्त झालेला आणि जन्माचा गांडूळवाला. त्याला ड्वेननं सहज विचारल्यासारखं करून विचारलं, "एखाद्याला स्मॉलमाउथसाठी फ्लायची काठी घ्यायची असेल, तर कितव्या नंबरची घ्यावी?"

"एखाद्याला म्हणजे तुला."

"एखाद्याला."

"त्या एखाद्याला सांग, गप घरी बस." मग स्टॅनला दया आली. "माझा मेहुणा म्हणतो सहा नंबर. पण तो मेहुणा पाण्यात तीनदा पडलाय."

रविवारी चर्चबाहेर कॉफी पिताना पाद्रीबुवांनी सात नंबर सांगितला, आणि दोरीबद्दल इतकं सविस्तर बोलले की त्या दिवशीचं प्रवचन त्यामानानं आटोपशीर वाटलं. काठीचा नंबर आणि दोरीचा नंबर एक असलाच पाहिजे. दोरी तरंगणारी हवी. तिच्या टोकाला नऊ फूट तंगूस हवं, आणि तेही निमुळतं. ड्वेन मान डोलवत होता. घरी येईपर्यंत त्यातलं "निमुळतं" एवढंच डोक्यात उरलं होतं.

गावात दुकान होतं, पण तिथं गेलं तर संध्याकाळपर्यंत बातमी गॉर्डीच्या घरी. म्हणून तो चाळीस मैलांवरच्या दुकानात गेला. गल्ल्यामागे तिल्डा नावाची एक तरतरीत मुलगी होती.

"कोणत्या नदीवर जाणार, काका? नावेतून की पाण्यात उतरून?"

"दोन्ही."

"आणि दोरी कोणत्या हातानं गुंडाळता?"

हा प्रश्न ड्वेननं कुठंच वाचला नव्हता. त्यानं आपले दोन्ही हात पाहिले. "ते पाण्यावर अवलंबून आहे," तो गंभीरपणे म्हणाला.

तिल्डानं खाली वाकून गल्ल्याखाली बराच वेळ काहीतरी शोधलं. वर आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता, पण तिनं सगळं नीट काढून दिलं. नऊ फुटी काठी आठ नंबरची, कारण स्मॉलमाउथसाठी बांधलेल्या माश्या मोठ्या आणि जड असतात, त्यांना ढकलायला जोर लागतो. त्याच नंबरची दोरी. रीळ. कॉर्कची, पाण्यावर डबुक डबुक करणारी बेडकासारखी माशी. खेकड्यासारखी दिसणारी माशी. छातीपर्यंत येणारी, खाली मोजे जोडलेली पाण्यातली विजार. बूट. चौदा खिशांचं जाकीट. चौदा खिशांत काय ठेवायचं हे विचारायचा त्याला धीर झाला नाही.

मग परवाना. आपल्याच खिडकीवर घेतला तर शेजारच्या खिडकीतली अर्लीन बघणार. म्हणून तो पलीकडच्या काउंटीत गेला. तिथली कारकून बाई त्याला दरवर्षीच्या कारकुनांच्या मेळाव्यात भेटलेली निघाली. "ड्वेन! तू इथं?" म्हणत तिनं नाव यंत्रात घातलं आणि एकदम टाळी वाजवली. "अरे, अभिनंदन! दहा वर्षांत परवाना घेतला नाहीस, म्हणून तुला नवशिक्याची सवलत!"

रांगेतल्या चार माणसांनी वळून पाहिलं.

"मला सवलत नको," ड्वेन दबक्या आवाजात म्हणाला. "मी पूर्ण पैसे भरतो."

"यंत्र घेत नाही ना. नियमच आहे. तुला काय सांगायचं, तूच तर नियमांचा माणूस!" आणि तिनं कागद दिला. त्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं: पहिल्यांदाच घेणारा. सव्वीस वर्षं लोकांना "नियम म्हणजे नियम" सांगणाऱ्या ड्वेननं तो कागद चार घड्या घालून पाकिटाच्या सगळ्यांत आतल्या कप्प्यात कोंबला.

पण खरी अडचण त्याला घरी येऊन आरशासमोर उभं राहिल्यावर कळली. सगळं कोरं होतं. इथल्या मुरलेल्या मासेमाराला नव्या वस्तूंची लाज वाटते. जाकिटावर डाग हवेत, टोपी उन्हानं विटलेली हवी, काठीची मूठ हाताच्या घामानं काळी पडलेली हवी. कोऱ्या जाकिटाचा माणूस म्हणजे शिकागोहून आलेला दंतवैद्य. मग वर्षानुवर्षं मासे धरणाऱ्या ड्वेनचं सामान कालच डब्यातून काढल्यासारखं कसं चालेल?

तेव्हा त्यानं सामान जुनं करायला घेतलं. काठीची कॉर्कची मूठ आधी सॅंडपेपरनं घासली, मग तिला न्याहारीच्या बेकनची चरबी चोळली. शेजारच्या कुत्र्यानं ती मूठ दोनदा पळवली, त्यामुळे दातांचे खरे व्रण आयते मिळाले. जाकीट कॉफीत भिजवून तीन दिवस वाळत घातलं. टोपीवरून गाडी नेली. राहिली विजार. ती नव्या छत्रीसारखी चकचकीत होती. ती त्यानं दोरीनं गवत कापायच्या यंत्रामागे बांधली आणि अंगणाला, मग खडीच्या वाटेवर, असे सहा फेरे मारले.

स्टॅन कुंपणापलीकडून बघत होता. "ड्वेन, तुझ्या मागे कुणीतरी येतंय," तो म्हणाला.

"मुरवतोय."

"पाण्याची विजार मुरवतात होय? मी समजत होतो ती पाणी आत येऊ नये म्हणून असते."

मार्लिस खिडकीतून बघत होती. ती एवढंच म्हणाली, "ब्रिटाला फोन कर. तिला सांग, तू काय करतोयस ते." ड्वेननं फोन केला नाही. ब्रिटाच मात्र दर दोन दिवसांनी फोन करायची. "बाबा, बाकी काय? काही सांगायचंय का?" असं विचारायची. तो म्हणायचा, "छे गं, सगळं मजेत." ती थोडी थांबायची आणि मग फोन ठेवायची.

रोज सकाळी कचेरीला जाण्याआधी तो अंगणात काठी फिरवायचा सराव करी. दोरी मागे न्यायची, क्षणभर थांबायचं, मग पुढे. क्षणभर थांबणं हीच सगळी कला आहे, असं त्यानं आणलेल्या पुस्तकात लिहिलं होतं. पण घाईच्या माणसाला थांबणं जमत नाही. पहिल्या आठवड्यात त्यानं वाळत घातलेला मार्लिसचा ब्लाउज, सफरचंदाचं झाड आणि स्वतःचा डावा कान धरला. कानातला गळ काढायला दवाखान्यात गेला, तर डॉक्टरीणबाईंनी शांतपणे विचारलं, "काय, स्मॉलमाउथ का?" त्या पाद्रीबुवांच्या चर्चमधल्या होत्या. म्हणजे निम्म्या गावाला कळलेलंच होतं, फक्त गॉर्डीला तेवढं कळू नये, अशी तो प्रार्थना करत होता.

ठरलेल्या शनिवारी धक्क्यावर गॉर्डीची नाव तयार होती. सोरेन आणि ब्रिटा दुसऱ्या छोट्या होडीतून येणार होते. गॉर्डीनं ड्वेनच्या जाकिटाकडे, टोपीकडे, काठीच्या मुठीवरच्या दातांच्या खुणांकडे एकदा नीट पाहिलं. "बरीच वापरलीत," तो म्हणाला.

"हो ना," ड्वेन म्हणाला, आणि ब्रिटा दुसरीकडे बघायला लागली.

तेवढ्यात मत्स्यखात्याचा अधिकारी फिरत फिरत आला. परवाने दाखवा. ड्वेननं अधिकाऱ्याला बाजूला घ्यायचा प्रयत्न केला, पण कागदाच्या चार घड्या उलगडेनात. अधिकाऱ्यानं उलगडल्या आणि प्रसन्न होऊन खणखणीत आवाजात वाचलं, "पहिल्यांदाच घेणारा! वा, स्वागत आहे! हा मासा जूनच्या तिसऱ्या शनिवारपर्यंत धरला तरी सोडून द्यायचा, बरं का!"

ड्वेनच्या कानाच्या पाळ्या तापल्या, त्यातली डावी आधीच सुजलेली होती. "चुकून छापलंय," तो पुटपुटला. "यंत्राची चूक. आमच्या कचेरीतही होतं असं." कचेरीत असं सव्वीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं. गॉर्डी मात्र पाठमोरा होऊन नावेच्या दोरीची गाठ सोडवत राहिला. गाठ केव्हाच सुटली होती.

तासाभरानं गॉर्डीनं खळाळाच्या खालच्या अंगाला नाव लावली. "इथं उतरून टाका," तो म्हणाला. "कंबरेएवढंच पाणी आहे. त्या खडकामागे मोठे असतात." दोघं उतरले. ड्वेन आठ पावलं गेला असेल नसेल, उजव्या पायाच्या पोटरीला गार लागलं. मग डाव्या. खडीच्या वाटेचे सहा फेरे विजारीनं विसरले नव्हते. चहाच्या रंगाचं ते थंडगार पाणी गुडघ्यापर्यंत चढलं, मांड्यांपर्यंत चढलं. पाय उचलेनात. शहाण्या माणसानं ओरडून सांगितलं असतं. ड्वेन चेहरा शांत ठेवून उभा राहिला, जणू मासा कुठं असेल ते तो पाण्यावरून ताडतोय.

"फेका ना," गॉर्डी म्हणाला.

ड्वेननं काठी मागे नेली आणि पुढे आणली. माशी त्याच्यापासून दहा फुटांवर, स्वतःच्याच दोरीच्या गुंत्यात पडली आणि वाहत खाली गेली. काठी काखेत मारून तो दोन्ही हातांनी विजार वर ओढायला लागला. खाली कुठंतरी ती बेडूकमाशी आपली आपण डबुक डबुक करत होती. आणि तिथं पाणी फुटलं.

काठी काखेतून निघालीच असती. त्यानं कसाबसा दांडा पकडला. मासा हवेत उडाला, तांब्याच्या रंगाचा, लाल डोळ्यांचा, जबडा एवढा मोठा की त्याला स्मॉलमाउथ नाव देणाऱ्यानं तो नीट पाहिला नसावा. रीळ उलट्या हाताला लावलेलं होतं, त्यामुळे ड्वेननं ते गुंडाळलंच नाही. तो नुसता धरून उभा राहिला, कारण हलताच येत नव्हतं. शेवटी मासाच दमला. गॉर्डीनं जाळी खाली घातली आणि मासा जाळीच्या दांड्यावरच्या खुणांशी लावून पाहिला.

"वीस इंच! या उन्हाळ्यातला पहिला!"

सोरेनची होडी वळणावरून आली होती. सोरेन टाळ्या वाजवत होता. गॉर्डीनं ओरडून सांगितलं, "ब्रिटा, बघ तुझ्या बाबांनी काय धरलंय! फोटो काढ!"

ब्रिटानं फोन काढला आणि हसली. ते हसू ड्वेनला ओळखीचं होतं. शाळेच्या कार्यक्रमात त्यानं दुसऱ्याच मुलीच्या नावाला उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या, तेव्हा ती मंचावरून अशीच हसली होती. सांभाळून घेणारं हसू. आता त्यानं नुसतं गप्प बसायचं होतं. वीस इंचांचा पुरावा जाळीत होता. सगळं खरं ठरलं असतं. आणि मग हा फोटो लग्नात दाखवला गेला असता, दर नाताळला निघाला असता, आणि दर वेळी त्याच्या मुलीला शेजारी उभं राहून म्हणावं लागलं असतं, हो, बाबा वर्षानुवर्षं करतात. तिच्या मुलांनाही तिनं तेच सांगितलं असतं.

त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की थंडी वाजायची थांबली.

"गॉर्डी," तो म्हणाला, "मला हे येत नाही. आज पहिल्यांदा काठी पाण्यात घातली. हे सगळं नवं आहे, मी घासून जुनं केलंय. परवान्यावर बरोबर छापलंय. ब्रिटा खोटं बोलली ती माझ्यामुळं. तिला बोल लावू नका."

गॉर्डीनं मासा पाण्यात सोडला. तो क्षणभर त्याच्या हाताशी थांबला आणि गेला. "मला माहीत आहे," गॉर्डी म्हणाला.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. इकडं दुकानं दोनच आहेत. दोन्हीकडे सांगून ठेवलं होतं, ड्वेन नावाचा माणूस येईल, त्याला चांगलं सामान द्या आणि हसू नका. तिल्डा माझी भाची. तिला हसू आवरलं नाही म्हणाली, त्याबद्दल माफ करा." मग त्यानं ब्रिटाकडे मान वळवली. "बाकीचं तिला विचारा."

ब्रिटा होडीतून उतरून पाण्यातून त्याच्याकडे येत होती. तिनं त्याचा दंड धरला आणि ओढलं, पण तो जागचा हलला नाही.

"विजारीत पाणी भरलंय गं," तो म्हणाला. "पाय उचलत नाहीत."

"दिसतंय."

तिनं एका बाजूनं धरलं, गॉर्डीनं दुसऱ्या बाजूनं, आणि नदीतला ओंडका काढावा तसं दोघांनी त्याला काठावर आणून बसवलं. बूट काढले, मग विजार ओढून काढली. विजारीतून पाणी वाहायला लागलं ते थांबेना. गॉर्डी नावेकडे गेला.

"तू सांगितलंस त्यांना?" ड्वेननं विचारलं.

"दुसऱ्या दिवशी सकाळीच. मला रात्रभर झोप नव्हती. जाऊन सांगितलं, काल मी खोटं बोलले, माझ्या बाबांनी कधी ही काठी हातात धरलेली नाही. ते म्हणाले, बरं."

बावीस दिवस तो मुलीची अब्रू वाचवत होता. ती तिनं पहिल्याच दिवशी वाचवली होती. कान टोचून घेतला, कॉफीत जाकीट भिजवलं, नियमाच्या कागदाला चूक म्हटलं, ते सगळं कशासाठी, याचं एकच उत्तर उरलं होतं आणि ते त्याला तोंडानं म्हणवेना.

"मग मला का नाही सांगितलंस? फोन तर करत होतीस."

ब्रिटा त्याच्या पायातले ओले मोजे काढत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"वाट बघत होते, बाबा," ती म्हणाली. "तू सांगशील म्हणून."